रेशमाचे मोल



आजीची पैठणी नात नेसते, म्हणून रेशीम टिकाऊ, असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. एका कोषाचा अखंड धागा हजार मीटरपर्यंतही भरतो. पण तो उलगडायचा तर कोष गरम पाण्यात टाकावे लागतात. कर्नाटकात रामनगरच्या घरगुती कारखान्यांत त्याच पाण्यात बायाबापड्यांची बोटे दिवसभर भिजतात, कातडी सोलते. पुढे येवल्याचा विणकर पदरावरचा मोर रंगीत कांड्या हाताने फिरवून विणतो; भरजरी पैठणीला महिनोन्महिने लागतात.

कापड तीन पिढ्या टिकावे आणि हात एकाच पिढीत निकामी व्हावेत, याला आम्ही टिकाऊपणा म्हणत नाही. रेशीम जरूर घ्या. मात्र घासाघीस करण्यापूर्वी दुकानदाराला एवढे विचारा : यातले विणणाऱ्याच्या पदरात किती पडले?