बोलायला शिकायला डिग्री लागती व्हय?

मागच्या आठवड्यात ताईचा फोन आला. भाची धाराशिवला बारावी सायन्सला आहे. तिनं घरात सांगून टाकलंय, नीट पण नको, इंजिनिअरिंग पण नको, मला माणसाचं बोलणं शिकायचंय. ताई म्हणते, "बोलायला शिकायला डिग्री लागती व्हय? तूच समजावून सांग." मी समजावलं, पण ताईला.

कम्युनिकेशन म्हटलं की आपल्याकडं पत्रकारिता आठवते, नाहीतर स्पोकन इंग्लिशचा क्लास. भाची म्हणते ती डिग्री म्हणजे बीएएसएलपी. ऑडिओलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी. माणूस ऐकतो कसा, बोलतो कसा आणि ते बिघडलं तर काय करायचं. चार वर्षं, शेवटचं इंटर्नशिपचं.

मला ह्याचा पत्ता आण्णांमुळं लागला. आण्णा म्हणजे माझे आजोबा. मी बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला होतो, तेव्हा त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून बेंबळीला घरी आणलं, पण बोलण्याचं पुढं काय करायचं हे कुणी सांगितलंच नाही. पाणी पाहिजे असलं तरी तोंडातून "ते... ते..." एवढंच. लोक भेटायला यायचे आणि त्यांच्यासमोरच म्हणायचे, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. आण्णांच्या डोळ्यात पाणी यायचं. म्हणजे कळत सगळं होतं ना!

मग एकादशीला देवळात हरिपाठ सुरू झाला, आणि आण्णा सगळ्यांबरोबर म्हणायला लागले. पाणी मागता येईना आणि हरिपाठ येतोय! आज्जी म्हणाली, पांडुरंगाची कृपा. मी मोबाइलवर शोधत बसलो.

ह्याला अफेजिया म्हणतात. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका ह्या डॉक्टरकडं असाच पेशंट होता, तो फक्त "तां" म्हणायचा. तो वारल्यावर मेंदू पाहिला तर डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा. शब्द जुळवायचं काम बहुतेकांचं डावीकडं चालतं. पाठ असलेलं, चालीवरचं मात्र बऱ्याचदा शाबूत राहतं.

नंतर पुण्याला एका थेरपिस्ट मॅडमकडं नेलं. चित्रांची कार्डं दाखवली, छत्री, सायकल, गाजर. आण्णा गप्प. मॅडमनी विचारलं, हे आयुष्यभर काय करायचे? म्हटलं, शेती, बैलं. पुढच्या खेपेला मी कासऱ्याचा फोटो नेला. मॅडम नुसतं "का..." म्हणाल्या, आणि आण्णा म्हणाले, "कासरा." दोन महिन्यांतला पहिला शब्द. माझ्या कोडमध्ये असलं काही कधी चाललं नाही.

शिकायचं कुठं? मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग संस्था, नायर हॉस्पिटलचं कॉलेज, पुण्यात भारती विद्यापीठ, आणि म्हैसूरला आयश. अभ्यासात कानाची-घशाची रचना, भाषाशास्त्र, मानसशास्त्र आणि आवाजाचं फिजिक्स. मी सिग्नल प्रोसेसिंगला शिकलो तोच स्पेक्ट्रोग्राम तिथं पण आहे. कोर्सला रिहॅबिलिटेशन कौन्सिलची मान्यता आहे का तेवढं आधी बघायचं, कारण काम करायला त्यांचं रजिस्ट्रेशन लागतं.

एवढं ऐकून ताईनं एकच विचारलं, "बांद्र्याला मुलींचं होस्टेल हाय का?" उद्या फोन करून विचारतो.