पाठीच्या कण्याची दुखापत आणि घरचा खर्च
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला आरोग्याविषयी चार शब्द बोलावयास सांगितले. मी काही डॉक्टरीण नव्हे. परंतु माझे धाकटे दीर आंब्यावरून पडले, त्याला नऊ वर्षे झाली. तेव्हापासून त्यांना कमरेखाली संवेदना नाही. या काळात घरात जे शिकलो, तेवढेच सांगते.

मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. त्याला मानेशी इजा झाली तर हात-पाय दोन्ही लुळे पडतात. पाठीत झाली तर पाय. म्हणून पडलेल्या माणसाला घाईने उठवून बसवू नये. १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. हलवणे भागच पडले, तर तिघाचौघांनी मान, पाठ व पाय एका रेषेत धरून फळीवर घ्यावे.

इस्पितळात शस्त्रक्रिया करून मणके स्क्रू व सळयांनी पक्के करतात, मज्जारज्जूवरील दाब काढतात. परंतु तुटलेला मज्जारज्जू त्याने सांधला जात नाही. आमच्याकडे मात्र जो तो म्हणे, "ऑपरेशन झाले, आता चालतील!"

खर्चाचे म्हणाल, तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. मात्र इस्पितळ व उपचार योजनेच्या यादीत असावे लागतात. रस्त्यावरील अपघातासाठी २०२५ साली केंद्र सरकारने पहिल्या ७ दिवसांकरिता दीड लाखापर्यंतची सोय केली आहे. कागद आधी विचारून घ्यावेत.

पण भगिनींनो, खरा खर्च घरी आल्यावर सुरू होतो. लघवीची नळी, हवेची गादी, चाकाची खुर्ची, व्यायाम, तपासणीच्या खेपा! शिवाय घरातील एका माणसाची मिळकत बुडते, आणि ते माणूस बहुधा बाईच असते. माझ्या जाऊने बालवाडीतील नोकरी सोडली. तिचा तो पगार कोणत्याच बिलात लिहिला गेला नाही.

पहिल्याच वर्षी कोणी सांगितले की, शहरात स्टेम सेलची सुई देतात, माणूस चालू लागतो. सासूबाईंनी पाटल्या काढून ठेवल्या. जाऊने मात्र इस्पितळातील डॉक्टरांना विचारले. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे या दुखण्यावर असा उपचार केवळ प्रयोग म्हणूनच करता येतो, आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घेणे गैर आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मग त्या पाटल्यांतून दाराशी उतरण झाली, खुर्ची आत जाईल अशी मोरी झाली आणि शिवणयंत्र आले. आज दीर हाताने चालणाऱ्या त्या यंत्रावर पिशव्या शिवतात.

या दुखण्यात माणूस दगावतो तो बरेचदा पाठीच्या जखमांनी आणि लघवीच्या विकाराने. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलणे, लघवीची स्वच्छता, काम आणि खेळ यांवर भर दिला. १९४८ मध्ये त्यांनी खुर्चीवरील रुग्णांचे सामने भरवले. आपल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, आणि १९७२ साली हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. कूस बदलण्याला पैसा लागत नाही, माणूस लागतो.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवते. भांडी-सतरंज्यांप्रमाणे एक चाकाची खुर्ची व एक हवेची गादी मंडळाने उसनी देण्यासाठी ठेवावी. आणि ज्या घरी असा रुग्ण असेल, तेथे आठवड्यातून एक दुपार आपल्यापैकी कोणी बसावे, म्हणजे त्या घरच्या बाईला बाजारात जाता येईल, नाहीतर नुसते निजता येईल.