त्रिरश्मीच्या पायथ्याशी स्वागत

गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांतून आलेल्या इतिहासाच्या शिक्षक बंधुभगिनींनो,

गोदाकाठच्या नाशिकात स्वागत समिती आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करते. प्राचीन इतिहास सर्वांचा म्हणून कसा शिकवावा, हा या परिषदेचा विषय. त्यासाठी लागणारा धडा शहरालगतच्या त्रिरश्मी डोंगरात, म्हणजे पांडवलेण्यांत, कोरलेला आहे.

तिथल्या शिलालेखात गौतमी बलश्री आपल्या मुलाची, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी सांगते: त्याने शक, यवन (ग्रीक) आणि पल्हवांचा नाश केला, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला. वर्गात बहुधा हाच पराक्रम पोचतो. पण त्याच डोंगरात उत्तरेकडून आलेला इंद्राग्निदत्त नावाचा यवन भिक्षुसंघासाठी लेणे कोरवून घेतो. मुगूदास नावाचा कोळी सहपरिवार लेणे दान करतो. शक राजा नहपानाचा जावई उषवदात विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण कायमचे ठेवतो. त्यांच्या व्याजातून भिक्षूंचा खर्च भागतो. विणकरांची पत एवढी होती!

मग ही माणसे धड्यातून गळाली कशी? १८१७ साली जेम्स मिलने भारतात पाऊलही न टाकता भारताचा इतिहास लिहिला आणि त्याची हिंदू, मुसलमान व ब्रिटिश अशी वाटणी केली. अशा लेखनामागे सत्ता कशी उभी असते, हे एडवर्ड सईद यांनी १९७८ च्या ‘ओरिएंटॅलिझम’मध्ये उलगडले. मिलने ज्या हिंदू काळाला मागासलेला म्हटले, त्यालाच सुवर्णयुग म्हटले तरी चौकट मिलचीच राहते. बौद्ध संघाला दान देणारा यवन आणि कोळी तिच्यात कुठे बसवायचे?

गोव्यात जन्मलेल्या इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींनी ही चौकट पायी फिरून ओलांडली. पुणे परिसरातल्या डोंगरवाटा, लेणी आणि ग्रामदेवतांची ठाणी त्यांनी ग्रंथांइतकीच मन लावून वाचली.

परिषदेचे पहिले सत्रही म्हणूनच सभागृहात नाही. उद्या सकाळी सर्व प्रतिनिधी डोंगर चढतील. बलश्री, इंद्राग्निदत्त, मुगूदास आणि उषवदात यांच्या लेखांचे मराठी अर्थ चार गटांना वाटले जातील. हे कोणी कोरवले, कोणासाठी, आणि दगड फोडणाऱ्या हातांचे नाव कुठे आहे, हे प्रश्न प्रत्येक गटाने आपल्या वर्गातली मुले डोळ्यांसमोर ठेवून मांडायचे आहेत. स्वागत समिती पायथ्याशी सहा वाजता चहा घेऊन उभी असेल.