छोट्या विमानांच्या पेट्रोलमधलं शिसं

पनवेलजवळचा नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाला, आणि कर्जत-खालापूरच्या आपल्या गटांच्या बैठकांत एक प्रश्न सारखा येऊ लागला. विमानाच्या धुरात शिसं असतं म्हणतात, मग आपल्या लेकरांचं काय? म्हणून आज आम्ही हाच विषय घेतला आहे.

या मोठ्या जेट विमानांच्या इंधनात शिसं नसतं. ती रॉकेलच्या जातीच्या इंधनावर उडतात. त्यांच्या धुराचा, आवाजाचा त्रास वेगळा. शिसं असतं ते पुढे पंखा असलेल्या, दोन-चार माणसांच्या छोट्या विमानांच्या पेट्रोलमध्ये. पायलट व्हायला निघालेली मुलं-मुली अशाच विमानांवर शिकतात. आपल्या राज्यात बारामती, धुळे, गोंदियाला हे शिक्षण चालतं.

पेट्रोलमध्ये शिसं घालायचंच कशाला? खोपोलीहून बोरघाट चढताना जुनी, भरलेली गाडी कधी कधी खडखड ठोके देते. मेकॅनिक म्हणतो, नॉकिंग होतंय. आतलं पेट्रोल नीट जळायच्या ऐवजी मध्येच आपोआप भडकतं आणि इंजिनाची वाट लावतं. शिशाचं एक रसायन मिसळलं की हे भडकणं थांबतं, असं १९२१ साली अमेरिकेत सापडलं. मग जगभरच्या गाड्या त्यावर धावल्या. आपल्याकडे १९९५ पासून मुंबईसारख्या महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल मिळू लागलं आणि २००० साली गाड्यांचं शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं.

विमानांचं मात्र राहून गेलं. घाटात गाडी बंद पडली तर चाकाला दगड लावून उतरता येतं. आकाशात दगड कुठे लावणार? त्यामुळे नवं इंधन पूर्ण खात्रीचं असल्याशिवाय कुणी परवानगी देत नाही, आणि ते बरोबरच आहे.

पूर्वी हे विमानाचं पेट्रोल परदेशातून यायचं. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने ते आपल्या देशात बनवून बाजारात आणलं. नाव एव्हीगॅस १०० एलएल. एलएल म्हणजे कमी शिशाचं. लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं चालतं. आणखी जुन्या पेट्रोलात याच्या दुप्पट चालायचं, म्हणून हे 'कमी'! आम्हाला काही हे नाव पटत नाही.

कारण शिसं अंगात गेलं की शरीर त्याला कॅल्शियमच समजतं आणि हाडांत साठवून ठेवतं. बाई गरोदर राहिली की तिच्या हाडांतलं कॅल्शियम बाळासाठी सुटतं, त्याच्याबरोबर हे जुनं शिसंही सुटतं आणि बाळापर्यंत पोचतं. लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो, अभ्यासात लक्ष लागत नाही. ज्यांच्या अंगात लोह कमी, त्यांच्यात ते जास्त शोषलं जातं. आपल्या अंगणवाडीतल्या मुलांचा विचार करा. इतकं शिसं चालेल, अशी सुरक्षित मर्यादाच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात रीड-हिलव्ह्यू नावाचा छोट्या विमानांचा विमानतळ आहे, भोवती दाट वस्ती. तिथल्या मुलांच्या रक्ताच्या तपासण्यांचा अभ्यास २०२१ मध्ये आला. अर्ध्या मैलाच्या आत राहणाऱ्यांच्या रक्तात शिसं जास्त निघालं. जानेवारी २०२२ पासून तिथे शिशाच्या पेट्रोलची विक्री बंद झाली.

पण बदल्यात काय घालायचं? ९४ ऑक्टेनचं बिनशिशाचं पेट्रोल आहे. ते बऱ्याच विमानांना चालतं, पण ताकदीच्या इंजिनांना पुरत नाही. नॉर्थ डाकोटा विद्यापीठाने २०२३ मध्ये आपली शिकाऊ विमानं त्यावर आणली आणि इंजिनांच्या व्हॉल्व्हची झीज दिसल्यावर काही महिन्यांतच मागे घेतली. १०० ऑक्टेनचं एक बिनशिशाचं इंधन २०२२ मध्ये मंजूर झालं, तर रंग सुटतो, टाकी गळते अशा तक्रारी आल्या.

आपल्याकडचं कुणी विचारेल, उसाचं इथेनॉल का नाही? ब्राझीलमध्ये इपानेमा नावाचं फवारणीचं विमान २००४ पासून इथेनॉलवर उडतंय. पण इथेनॉल जास्त जळतं आणि पाणी धरतं. शेतावरून फवारणी करून परत यायला ते ठीक, लांबच्या पल्ल्याला नाही. काही नव्या छोट्या इंजिनांना मात्र गाडीचं साधं बिनशिशाचं पेट्रोलही चालतं. शिकवण्यासाठी अशीच विमानं घ्यावीत असं आम्हाला वाटतं. आणि जिथे दिवसभर शिकाऊ विमानं घिरट्या घालतात, तिथल्या गावांतल्या मुलांचं रक्त तपासायला हवं. अमेरिकेने शिशाचं पेट्रोल थांबवायला २०३० चं साल ठरवलंय. तोवर कितीतरी मुलं शाळेत जाऊन मोठी होतील.

आपल्या गटातल्या कुणाची लेक पायलट व्हायला निघाली असेल, तर तिला एक जरूर सांगा. उडण्याआधी टाकीतून थोडं पेट्रोल छोट्या भांड्यात काढून त्यात पाणी तर नाही ना, हे बघावं लागतं. शिशाचं ते पेट्रोल निळं असतं, आणि ते कातडीतूनही अंगात जातं. ते हाताला लागू द्यायचं नाही. लागलंच तर साबणाने हात स्वच्छ धुवायचे, मगच जेवणाचा डबा उघडायचा.