गुळवेल आणि तिची परीक्षा



घोड-भीमेच्या काठी, शिरूर-दौंडच्या शिवारांत, कडुलिंबावर चढलेली गुळवेल आपणांस घरच्या माणसाइतकी परिचित आहे. तथापि परिचय हा निर्दोषतेचा पुरावा नव्हे. गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. वनस्पतीची ओळखच पटविलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला.

म्हणूनच आधी ओळख व मग अर्काची परीक्षा हवी. उंदरांस दर किलो वजनामागे २००० मिलिग्रॅमपर्यंत अर्क पाजून १४ दिवस निरीक्षण करतात. मात्र ही परीक्षा तात्कालिक विषबाधाच दाखविते. महिनोन्‌महिने घेतलेल्या काढ्याविषयी ती मौन राहते.

त्या मुक्या जीवांचे ऋण स्मरून, वेल ओळखून, मात्रा विचारून आणि डॉक्टरांपासून काही न लपविता औषध घ्यावे, इतकीच विनंती.