गुप्तचराचे पाकीट



आपण गुन्हा केला नाही, मग सरकारी हेराला भ्यावयाचे कशाला, असे पुष्कळजण म्हणतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीय बांधवांचा अनुभव तुम्ही ऐकावा.

मार्टिन ल्यूथर किंग हे अहिंसेचे पुरस्कर्ते. ऑगस्ट 1963 मध्ये वॉशिंग्टन येथे सुमारे अडीच लाख लोकांपुढे त्यांनी समतेची मागणी केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात, कम्युनिस्टांच्या संगतीचे निमित्त करून, ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी त्यांचे टेलिफोन चोरून ऐकण्यास मंजुरी दिली. न्यायाधीशाला कोणी विचारले नाही. पुढे एफ. बी. आय. या खात्याने हॉटेलांच्या खोल्यांत ध्वनियंत्रे दडविली. राजद्रोह सापडेना, तेव्हा खाजगी आयुष्य हाती धरले. नोव्हेंबर 1964 मध्ये, नोबेल पारितोषिक स्वीकारावयास थोडे दिवस उरले असता, एक ध्वनिफीत व निनावी पत्र त्यांना धाडण्यात आले. तुला आता एकच मार्ग उरला आहे, मुदत 34 दिवसांची, असा त्याचा आशय. किंग यांनी त्याचा अर्थ आत्महत्या असाच घेतला. ते पाकीट उघडले गेले त्यांच्या पत्नी कोरेटा यांच्या हातून! आणि पत्र लिहिणाऱ्याने सोंग घेतले होते ते कृष्णवर्णीयाचे. मला तर यातला हाच भाग सर्वांत हीन वाटतो.

ज्या ब्लॅक पँथर पक्षावरून 1972 साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले, त्या पक्षाचा फ्रेड हॅम्प्टन 21 वर्षांचा होता. खात्याच्या हस्तकाने त्याच्या घराचा नकाशा पुरविला. 4 डिसेंबर 1969 च्या पहाटे शिकागोत पोलिसांनी ऐंशीहून अधिक गोळ्या झाडल्या. आतून सुटली ती बहुधा एकच. हॅम्प्टन अंथरुणातच मारला गेला.

हे सारे उघडकीस कसे आले? विधिमंडळाने शोधले म्हणाल, तर नव्हे. एडगर हूव्हर 1924 पासून त्या खात्याच्या गादीवर होते. त्यांना जाब विचारण्याची छाती कोणाची? 8 मार्च 1971 च्या रात्री आठ नागरिकांनी पेनसिल्व्हेनियातील मीडिया गावचे खात्याचे कार्यालय फोडले आणि कागद वृत्तपत्रांना धाडले. त्यानंतर कुठे 1975 मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांची चौकशी समिती बसली. फोडणाऱ्यांच्या मागे सुमारे 200 अधिकारी लागले होते. एकावरही खटला झाला नाही. 2014 मध्ये त्यांतील काहींनी आपली नावे स्वतःच सांगितली. एक धर्मशास्त्राचा प्राध्यापक होता, एक त्याची पत्नी, एक टॅक्सीवाला.