मुक्कामी गाडी ही गावाची सामायिक मालमत्ता

(नागपूरच्या शिबिरात संघटनेच्या वतीनं केलेलं भाषण. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी इथं देत आहोत. गावात एकानं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



जमिनीच्या शिबिरात एसटीवर बोलायचं ठरलं तेव्हा काही जण हसले. म्हणाले, "पट्ट्याचं बोला ना, गाडीचं काय बोलता?" पट्ट्याचंच बोलतो आहोत. वनहक्काचा दावा गावात तयार होतो, ग्रामसभा ठराव करते, इथपर्यंत सगळं आपल्या पायानं जमतं. पुढं उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध किंवा उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची तर कायद्यानं ६० दिवस दिले आहेत. कागद आणायला एक फेरी, नक्कल काढायला एक, साहेब दौऱ्यावर असले की आणखी एक. गाडी नसेल तर हे ६० दिवस फाट्यावर वाट पाहण्यातच सरतात. हक्क कायद्यात लिहिलेला असतो, पण तो आणायला गाडीत बसूनच जावं लागतं.

आता थोडा मागचा इतिहास. आपल्या भागात मोठे रस्ते आणि रूळ आपल्यासाठी आले नव्हते. नागपूरला रेल्वे आली १८६७ साली. इंग्रजांनी वनखातं काढलं १८६४ साली. या दोन तारखा इतक्या जवळ कशा? रुळाखाली टाकायला लाकडाचे स्लीपर लागत होते, लाखोंनी लागत होते. साग, साल तोडून ते केले. मग जंगल संपेल अशी भीती सरकारला वाटली, आणि १८६५ आणि १८७८ चे जंगल कायदे आले. तोड झाली रेल्वेसाठी, आणि चोर ठरलो आपण. जंगलात आतवर रस्ते गेले तेही लाकूड, बांबू, तेंदूपत्ता बाहेर काढायला. त्या रस्त्यावर माणसांना नेणारी गाडी फार उशिरा आली.

ती गाडी म्हणजे एसटी. १ जून १९४८ ला पहिली गाडी पुणे ते नगर धावली. आपला विदर्भ तेव्हा मध्य प्रांतात होता, इथं वेगळी सरकारी गाडी होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर ती मुंबईच्या महामंडळात आली. एसटीचं ब्रीद आहे, बहुजन हिताय, बहुजन सुखाय. धंद्यासाठी गाडी चालवणारा माणूस गर्दीचा रस्ता धरतो, घाटातल्या टोल्यावर येत नाही. म्हणून जनतेच्या मालकीची गाडी हवी, हा त्यामागचा विचार. शहराच्या भरलेल्या गाडीनं जंगलातल्या अर्ध्या भरलेल्या गाडीचा भार उचलायचा. आपल्या पाड्यात लग्न निघालं की ज्याच्याकडे जास्त तांदूळ तो जास्त देतो, तसंच हे.

या गाडीत आणखी एक गोष्ट घडते. बिट गार्ड नाक्यावर उभा असला की आपण मान खाली घालतो. तोच गार्ड एसटीत आपल्या शेजारी बसतो. त्याचं तिकीट तेवढंच, आपलंही तेवढंच. बाजूला शाळेची पोर, मागं बाजाराची टोपली घेतलेली बाई, पुढं तलाठी. आमदारासाठी राखीव असं लिहिलेल्या जागेवर आपली म्हातारी पाय वर घेऊन बसते, कारण आमदार त्या गाडीत कधी येतच नाही. सरकारी माणसाशी बसून, समोरासमोर बोलायची सवय आपल्या कितीतरी बायांना पहिल्यांदा गाडीतच लागली. कोणाचा दावा मंजूर झाला, कोणाचा फेटाळला, हे तहसीलच्या फळ्याआधी गाडीत कळतं.

बसायची जागा ही साधी गोष्ट नाही, हे जगानं पाहिलं आहे. अमेरिकेत माँटगोमेरी नावाच्या शहरात काळ्या लोकांना बसमध्ये मागं बसावं लागे, आणि गोरा आला की उठावं लागे. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स नावाची शिवणकाम करणारी बाई उठली नाही. तिला अटक झाली. मग तिथल्या काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर पाय ठेवला नाही. पायी गेले, एकमेकांच्या मोटारीतून गेले, पण हटले नाहीत. शेवटी वरच्या कोर्टानं तो नियम मोडीत काढला. त्यांनी गाडी सोडून लढा दिला. आपल्याला गाडी धरून लढायचं आहे.

कारण गाडी बंद करताना शब्द एकच येतो, भारमान. म्हणजे गाडीत जागा किती आणि भरल्या किती. हा हिशोब नीट समजून घ्या. सकाळी गावातून निघताना गाडी खच्चून भरते, गावाकडं परत येताना दुपारची रिकामी येते. दोन्हीची सरासरी काढली की आकडा अर्ध्यावर. गाडी दोन दिवस आली नाही की लोक काळीपिवळीत बसतात, तिसऱ्या दिवशी आली तरी रिकामी जाते. मग म्हणायचं, माणसंच नाहीत! काळीपिवळीवाल्यावर आपला राग नाही, तोही आपलाच पोरगा असतो. पण तो गाडी भरल्याशिवाय निघत नाही, रात्री बाळंतीण असली तर भाडं तोच ठरवतो, आणि शाळेच्या पोरींचा पास त्याच्याकडं चालत नाही. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीत मोफत पास आहे. फेरी गेली की पास कागदावर राहतो आणि पोरगी घरी.

मग तोट्याचं काय? १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यात दोन गोष्टी आहेत. कलम २२ म्हणतं, धंद्याच्या तत्त्वानं चाला. कलम १८ म्हणतं, पुरेशी, स्वस्त आणि नीट जुळवलेली सेवा देणं हे महामंडळाचं कर्तव्य आहे. आपल्याला नेहमी २२ ऐकवलं जातं. आपण १८ पाठ करू. आणि हेही सांगू, की प्रत्येक तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर सरकार घेतं. म्हातारी बाजाराला जाते तेव्हाही ती कर भरते. ती फुकटची प्रवासी नाही.

आता कामाचं. पहिलं, ग्रामसभेत गाडीचा ठराव घ्या. किती पोरं शाळेत जातात, बाजार कोणत्या वारी, दवाखाना किती लांब, दाव्याच्या तारखा कधी, सगळं त्यात लिहा. आगार व्यवस्थापकाला द्या, प्रत विभाग नियंत्रकाला, आणि पोच घ्या. दुसरं, माहिती अधिकारात आपल्या मार्गाचे आकडे मागा, जाण्याचे वेगळे, येण्याचे वेगळे. अर्जाला १० रुपये, दारिद्र्यरेषेच्या कार्डाला तेही नाहीत. उत्तर ३० दिवसांत. तिसरं, "रस्ता जंगलातून जातो, वनखातं परवानगी देत नाही" असं कोणी म्हटलं तर वनहक्क कायद्याचं कलम ३(२) दाखवा. शाळा, दवाखाना, रस्ता अशा १३ कामांसाठी, एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी ७५ पर्यंत झाडं, ग्रामसभेच्या शिफारशीनं देता येतात. शिफारस ग्रामसभेची, ठेकेदाराची नाही. म्हणून रस्ता मागताना तो कुणासाठी हेही आपणच ठरवू. चौथं, गाडी मिळाली की सांभाळा. मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला कोरडी जागा, प्यायला पाणी द्या. गाडीवर दगड मारू नका, राग असला तरी. विहिरीत कोणी माती टाकतं का?

हिवाळी अधिवेशन नागपूरला भरतं, ते १९५३ च्या नागपूर करारातलं वचन आहे. सरकार आपल्या जवळ यावं म्हणून. पण याच शहरात २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा आला, आणि चेंगराचेंगरीत ११४ जण गेले, बहुतेक बाया आणि लेकरं. आपलं म्हणणं सांगायला ते घरून निघाले, परतीची गाडी त्यांना मिळाली नाही. झिरो माइलजवळच्या त्यांच्या स्मारकासमोरून जाताना उभे राहा. सरकारपर्यंत पोचणं आणि सुखरूप घरी परत येणं, दोन्ही हक्क आहेत.

जंगल सामायिक, तळं सामायिक, गायरान सामायिक. त्या यादीत गावाची गाडीही लिहून घ्या. पुढच्या ग्रामसभेच्या वहीत ठराव हवा. या पत्रकाचा पुढचा अंक निघेल तेव्हा कोणत्या गावानं ठराव केला, कोणाला पोच मिळाली, त्याची यादी छापू. आपल्या गावाचं नाव त्यात असू द्या.

जय सेवा!